आज्जी मान घासते, मळ निघत नाही

अनगोळची_सून | 14 जून 2025, रात्री 11:20

'पालकत्व' मध्ये टाकू की 'आरोग्य' मध्ये, कळेना. चुकलं असेल तर अ‍ॅडमिननी धागा तेवढा हलवावा.

माझा मुलगा दहा वर्षांचा, यंदा पाचवीत गेला. मे महिन्यापासून आमच्याकडं दर रविवारी न्हाणीघरात एक कार्यक्रम चालतो. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला काळा पट्टा आलाय. सासूबाई म्हणतात मळ बसलाय. आधी डाळीचं पीठ आणि साय झाली, मग लिंबाची फोड झाली, मागच्या रविवारी वज्री काढली. आतून पोरगं ओरडतंय, "आज्जी, आग होते की!" आणि बाहेर मी पोहे परततेय. बाहेर आला तर मान लालबुंद, एका ठिकाणी साल निघालेलं, आणि काळं होतं तसंच. हात लावून बघितलं तर तिथली कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते. काखेतही तसंच आहे.

दुसरी गोष्ट गणवेशाची. बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या नेहमीच्या टेलरनं माप घेतलं. कंबर 78 सेंटीमीटर. टेप गळ्यात टाकत म्हणाला, "वहिनी, हे आठवीच्या पोराचं माप हाय." घरी येऊन उंची-वजन घेतलं. उंची 140 सेंटीमीटर, वजन 47 किलो.

खोटं कशाला लिहू, काय खातो ते सांगते. सकाळी दुधात चॉकलेटची पावडर तीन चमचे, वर साखर दोन चमचे, बुडवायला बेकरीचे बटर चार. डब्यात तूप-साखर लावलेली चपाती, नाहीतर नूडल्स. शाळेतून आला की क्रीमबन. क्लास सुटला की बाहेरच्या गाड्यावर गोबी मंचुरियन. रात्री बासमतीचा भात, वरण, तूप, समोर मोबाईल. भाजी ताटाच्या कडेला तशीच. लिहून काढल्यावर माझी मलाच लाज वाटली. खरं घरात कुणाला यात काही वावगं वाटत नाही. नवरा म्हणतो उंची फुटली की आपोआप बारीक होईल. सासूबाई म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोर हाय, दृष्ट लावू नको."

मान कशानं काळी पडते? थायरॉईड असेल का? कुठल्या डॉक्टरकडं जायचं, कातडीच्या की लहान मुलांच्या?

---

टिळकवाडीकर | 14 जून, 11:48

ताई, फार विचार करताय. बाळसं आहे ते. आमच्या लहानपणी गुटगुटीत बालक स्पर्धा असायच्या, मला उत्तेजनार्थ स्टीलचा पेला मिळाला होता. आज माझं वजन बघाल तर फुंकर मारली तर उडेन.

---

मलप्रभाकाठ | 15 जून, सकाळी 6:35

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं तपासता येत नाही, त्यामुळं हे फक्त समजावणं समजा.

पहिलं म्हणजे आजपासून ती मान घासणं बंद. तो मळ नाही. याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीरात चरबी वाढली, विशेषतः पोटात आणि यकृतात, की इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत नेणाऱ्या हार्मोनला, पेशी दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर त्या जोरावर काही वर्षं जागेवर राहते, म्हणून कुणाला काही कळत नाही. पण तेच जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं, आणि मान, काख, जांघ इथं कातडी जाड आणि काळी होते. वज्रीनं ती आणखी जाड होईल. इन्सुलिन खाली आलं की पट्टा हळूहळू फिका पडतो, त्याला महिने लागतात.

दुसरं, आकडे. 47 भागिले 1.4 गुणिले 1.4, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 24. मोठ्या माणसाचा असता तर 'थोडा जास्त' म्हणून सोडून दिला असता. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाचा मध्य 16.4 च्या आसपास आहे, 18.5 च्या वर वजन जास्त आणि 21.4 च्या वर लठ्ठपणा. तक्ता हाताशी नसेल तर टेप पुरते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. याची 70 च्या आत हवी होती, 78 आहे.

तिसरं, थायरॉईड. लठ्ठ मुलाचे दहातले नऊ पालक हाच प्रश्न विचारतात, कारण उत्तर 'हो' आलं तर एक गोळी देऊन घरातलं सगळं पूर्वीसारखं ठेवता येतं. हार्मोनच्या आजारात सहसा उंची खुंटते. मूल बुटकं राहून जाड होत असेल तर आम्ही आधी तिकडं बघतो. तुमच्या मुलाची उंची वयाला बरोबर आहे. कधी स्टिरॉइडचं औषध बरेच दिवस चालू होतं का, एवढं मात्र आठवून डॉक्टरांना सांगा.

बालरोगतज्ज्ञांकडंच जा. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृताचा एएलटी, कोलेस्टेरॉल, आणि रक्तदाब. रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा लावायला सांगा, चुकीच्या मापानं आकडा चुकतो. रात्री घोरतो का?

---

अनगोळची_सून | 15 जून, 7:10

घोरतो. आम्ही हसतो त्यावर. "बाबांवर गेलाय" म्हणून.

---

मलप्रभाकाठ | 15 जून, 7:22

हेही डॉक्टरांना सांगा. गळ्याभोवतीच्या चरबीनं किंवा टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडनं (नाकामागच्या गाठी) झोपेत श्वास अडतो. झोप मोडत राहिली की दिवसा पोर पेंगतं, चिडतं, आणि भूकही जास्त लागते.

---

खडेबाजारी_ढब्बू | 15 जून, दुपारी 1:05

आयडीवरून कळलं असेल. वय 41. शाळेत मराठी पोरं मला ढब्बू म्हणायची आणि कन्नड पोरं दप्पा. सीमाभागात दोन्ही बाजूंचं एकमत झालेला तेवढाच एक प्रश्न, तो म्हणजे मी.

पीटीचे सर मला कबड्डीला पंचांच्या बाजूला बसवून गुण लिहायला लावायचे. शाळेचं नाव घेत नाही. पाचवी ते दहावी मी गुण लिहिले. अक्षर सुधारलं, त्याबद्दल तक्रार नाही. खरं ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच बसवून ठेवायचं, हे त्या वेळी कुणालाच विचित्र वाटलं नाही.

सातवीत असताना काकांनी दुकानातला वजनकाटा घरी आणला आणि दिवाळीला आलेल्या पाहुण्यांसमोर मला त्यावर उभं केलं. 62. सगळे हसले, मीही हसलो. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात गोकाकच्या करदंटाचा अर्ध्या किलोचा डबा संपवला. चोरून खायला मी त्या रात्री शिकलो. तेहतिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी मान बघून विचारलं, "हे कधीपासून?" म्हटलं शाळेत होतो तेव्हापासून. आमची आज्जीही घासायचीच.

ताई, तपासण्या करा, खाणं बदला, सगळं करा. त्याच्या देखत वजनावर बोलू नका तेवढं. मी आजही फोटोला शर्ट बाहेर काढून उभा राहतो.

---

तालमीतला_तात्या | 15 जून, रात्री 8:40

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेला माणूस मी. या भागातल्या घरांत खाण्याची रीत आली कुठनं ते सांगतो. पैलवान घरात असला की पहिली साय त्याला, तूप त्याला, बदामाची थंडाई त्याला. खुराक म्हणायचे. खरं तो पहाटे चारला उठून हजार बैठका मारायचा, जोर मारायचा, माती उकरायचा, मग खायचा. आता पहाटेची बैठक गेली, जोर गेला, माती गेली. खुराक तेवढा राहिला. आणि त्या खुराकात दूध-बदाम जाऊन मैदा-साखर आली.

माझा नातू कॅम्पात शाळेला जातो. घरापासून शाळा 900 मीटर, मी मोजलंय. त्याला न्यायला रिक्षा येते. रिक्षा सगळी गल्ली फिरत फिरत 25 मिनिटांत 900 मीटर जाते. चालत गेला तर 12 मिनिटं. सून म्हणते रस्त्याला गाड्या फार. खोटं नाही ते.

पोराला तालमीत घाला की.

---

मलप्रभाकाठ | 15 जून, 9:15

तात्या, शंभर टक्के मान्य. फक्त तालमीत घातल्या दिवसापासून घरचे खुराक सुरू करतात, तो करू नका. अर्धा तास जोर-बैठका आणि वर बदाम घातलेला लिटरभर दुधाचा पेला, हा हिशोब जुळत नाही. 5 ते 17 वयाला रोज साधारण तासभर दम लागेल असं खेळणं हवं. लगोरी चालते, सायकल चालते.

---

खानापूरची_बाई | 16 जून, संध्याकाळी 5:50

मी जंगलकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. हा धागा वाचताना सारखं वाटतंय की तुम्ही वेगळ्या जिल्ह्यात राहता. माझ्या शाळेत 43 पोरं. जाड म्हणावा असा एक. बाकीच्यांच्या हातापायाच्या काड्या. अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या सरकारी जेवणाचा, भात-सांबार, दूध, अंडं नाहीतर केळं, यावर बऱ्याच जणांचा दिवस निघतो. त्यामुळं लठ्ठपणा म्हणजे टिळकवाडी-कॅम्पातला लाडाचा रोग असं मला वाटायचं.

खरं दोन वर्षांपासून एक बघतेय. आईबाप गोव्याला कामाला, पोरं आज्जीकडं. गिल्ट म्हणा, सोय म्हणा, हातात रोज दहा रुपये. पाच-पाच रुपयांची दोन पाकिटं, एक कुरकुरीत, एक क्रीमचं बिस्किट. घरी आंबील असते, नाचण्याची भाकरी असते, ती नको होते. या पोरांचे हात बारीक आणि पोट सुटलेलं. काट्यावर वजन कमीच भरतं. याला काय म्हणायचं, डॉक्टर?

---

मलप्रभाकाठ | 16 जून, रात्री 10:30

बाई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. जरा लांब लिहितो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, गरोदरपणाआधीपासून, अभ्यास सुरू केला. तिथं जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो. तुलनेला इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं घेतली, ती 3.5 किलो. आपली बाळं सगळ्या मापांत लहान निघाली, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला रोड आणि आतून चरबी जास्त.

याच डॉक्टरांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीदार फोटो छापला होता. ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. काटा दोघांना एकच सांगत होता.

तुमच्या पोरांचं तेच आहे. आईच्या पोटात कमी मिळालं की शरीर काटकसर शिकतं. पुढं तूप-साखर-मैदा आला की ते साठवून ठेवतं, आणि साठवतं पोटातच. म्हणून आपल्याकडं कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळे रोग धरून चालत नाही, कित्येकदा एकाच घरात, एकाच पोरात दोन्ही असतात. देशभरच्या 2016-18 च्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची साधारण 5 टक्केच मुलं जाड निघाली, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर साधारण 10 टक्के. हे जास्तीचे कोण, ते तुमच्या वर्गात बसलेत.

---

अनगोळची_सून | 16 जून, 11:05

डॉक्टर, वाचून हात थांबला. माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला. 2 किलो 100 ग्रॅम. महिनाभर सासूबाईंनी कापसात गुंडाळून, चमच्या-चमच्यानं, दर दोन तासांनी पाजलंय. मला शुद्ध नव्हती धड. पहिल्या वाढदिवसाला पोर असं गुटगुटीत होतं की पाहुण्यांनी बोटं घातली तोंडात.

---

मलप्रभाकाठ | 16 जून, 11:20

त्या महिनाभरात त्यांनी केलं ते बरोबरच होतं. कमी वजनाच्या बाळाला नंतर फार घाईनं, गरजेपेक्षा जास्त भरवलं की पुढं चरबीचा धोका वाढतो, एवढंच. कुणी सांगितलं नसेल त्यांना.

---

फिटबेळगाव_2025 | 17 जून, 12:40

[हा प्रतिसाद अ‍ॅडमिननी काढला आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी 'वितळवणारी पावडर' विकायची असेल तर दुसरं संकेतस्थळ शोधा. इथं नाही.]

---

कॅम्पातली_मम्मी | 17 जून, दुपारी 3:30

माझी मुलगी अकरा. आमचं गणित मार्च 2020 पासून बिघडलं. पहिलीची ऑनलाइन शाळा, हातात मोबाईल, आणि मोबाईल बघत असली की तोंडात काहीही जातं हे मला तेव्हा कळलं. मला तेव्हा ते वरदान वाटलं. पालक-मेथी, सगळं जायचं. नंतर लक्षात आलं की पोट भरलंय हेही तिला कळत नव्हतं. ताट रिकामं होईपर्यंत चमचा चालू.

आम्ही रात्री अकरा-साडेअकराला झोपायचो, सकाळी साडेसहाला उठवायचो. सहा ते बारा वयाला 9 ते 12 तास झोप लागते हे मला बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात बोटं मोजली, सात भरले. नवव्या वर्षाच्या आतच तिच्या शरीरात बदल सुरू झाले होते. जाड मुलींमध्ये ते लवकर होतात म्हणे. ते तिला समजावताना माझी काय तारांबळ उडाली ते इथं लिहीत नाही.

---

निपाणी_नाका | 17 जून, रात्री 9:55

सगळे आयांना सल्ले देताय, बाजाराबद्दल कुणी बोलेना. माझं किराणा दुकान आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

पाच रुपयांत सफरचंदाची फोडही येत नाही, पाकीट येतं. ते पाकीट मी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लटकवतो, कारण कंपनीचा माणूस येऊन तिथंच हुक ठोकून जातो. शेंगदाणे, फुटाणे वरच्या फळीवर, आज्ज्या मागतात त्यांना. पाकिटाच्या मागं घटक वजनाच्या क्रमानं छापावे लागतात, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. मुलांच्या पन्नास वस्तू उलट्या करून बघा, पहिल्या तिनांत मैदा, साखर, पामतेल हेच तिघं आलटून पालटून. थंड पेयात 100 मिलीलिटरला साधारण 10-11 ग्रॅम साखर. अडीचशेची बाटली म्हणजे सहा चमच्यांच्या वर. पोराला दिवसभरात साखर घालायची ती सहा चमच्यांच्या आत असली तर बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला.

चॉकलेटच्या पावडरीला 'हेल्थ ड्रिंक' म्हणून ऑनलाइन विकू नका असं केंद्रानं एप्रिल 2024 मध्ये संकेतस्थळांना सांगितलं. माझ्याकडं बरणी तीच, फळी तीच, गिऱ्हाईक तेच.

कायदा आहे, नाही असं नाही. जास्त चरबी-साखर-मिठाचं खाणं शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकायचं नाही, हा 2020 चा नियम. खरं गोबीचा गाडा शाळेसमोर कुठं असतो? तो क्लाससमोर असतो. क्लास म्हणजे काय शाळा नव्हे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीतल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, चांगलं केलं. लाल रंग गेला. मैदा, कॉर्नफ्लॉवर आणि दिवसभर उकळलेलं तेल राहिलं. लोक म्हणतात आता गोबी सेफ झाली.

---

टिळकवाडीकर | 17 जून, 10:20

अवांतर: मूळ पोस्टमधला बासमती येळ्ळूरचा की दुकानातला? येळ्ळूरचा असेल तर त्याला दोष देणाऱ्याशी मी भांडणार.

---

शहापूरची_आज्जी | 18 जून, सकाळी 10:10

नातवानं अकाउंट काढून दिलं. मी बोलते, मोबाईल लिहितो. चुका असतील.

सगळे आज्जीला बोलताय. माझी पहिली मुलगी 1974 साली गेली. अकरा महिन्यांची. जुलाब लागले, चार दिवसांत हाडावर कातडं राहिलं. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. त्यानंतर माझ्या घरात जे मूल झालं त्याचं मनगट मी रोज धरून बघायची. भरलेलं लागलं की झोप यायची. अजूनही नातवंड आलं की आधी मनगटच धरते. तुम्हाला जाड दिसतं, मला जिवंत दिसतं.

आता तुम्ही सांगताय जास्ती झालं तेही वाईट. असेल. शिकलेली माणसं आहात. खरं मला 'देऊ नका' म्हणू नका. नुसतं देऊ नका म्हटलं तर मी पदराखालून देणार. माझं मला माहीत आहे. काय देऊ ते सांगा. मला काम पाहिजे.

---

खडेबाजारी_ढब्बू | 18 जून, 10:45

आज्जी, तुमच्यापुढं काय बोलणार. नमस्कार करतो.

---

खानापूरची_बाई | 18 जून, संध्याकाळी 6:15

आज्जींसाठी कामाची यादी माझ्याकडं आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं खरं तर. नाचण्याची आंबील ताकातली, साखर न घालता. उकडलेल्या शेंगा. रताळी भाजून, आपल्या भागात ढिगानं पिकतात आणि आपणच ती मुंबईला पाठवतो. जवारी काकडी चिरून मीठ-तिखट लावून. जोंधळ्याची भाकरी गरम गरम, कुस्करून न देता. पोराला चावू दे. क्रीमबन चार घासांत जातो, भाकरीला पाव तास लागतो.

---

अनगोळची_सून | 5 जुलै, रात्री 10:50

रिपोर्ट आले. उपाशीपोटी साखर 104, एचबीएवनसी 5.8, एएलटी 58. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. रक्तदाब ठीक. डॉक्टर म्हणाले मधुमेह नाही, उंबरठा आहे. औषध दिलं नाही. दहा वर्षांच्या पोराच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' वाचून नवरा गप्प झाला. तो दारू पित नाही, त्याला वाटायचं हा रोग पिणाऱ्यांनाच होतो.

एक अडचण झाली. घरी आल्या आल्या मीच उत्साहात म्हणाले, "उद्यापासून तुझं गोड बंद." पोरानं जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी दप्तरात क्रीमबनचा कागद सापडला. ढब्बूदादांचा करदंटाचा डबा आठवला.

मग नियम पोराला लावायचे सोडून घराला लावले. क्रीमबन, बटर, थंड पेय घरात येणारच नाही, कुणासाठीच. नवऱ्याचं रात्रीचं फरसाण पण गेलं. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. दुधातली पावडर एकदम बंद न करता तीन चमच्यांवरून दोन, मग एक केली. वरची साखर पहिल्या दिवसापासून बंद केली, त्याला कळलंही नाही. मोबाईल जेवताना फ्रिजवर ठेवायचा, माझा सुद्धा. हे सगळ्यात अवघड गेलं, मला.

सासूबाईंना शहापूरच्या आज्जींची पोस्ट वाचून दाखवली. चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "आंबील मला येते की. कुणी विचारलंच न्हाई."

---

मलप्रभाकाठ | 6 जुलै, सकाळी 6:50

छान चाललंय. एक हिशोब सांगतो, काट्यावर रोज उभं करायचा मोह टळेल. या वयात वजन उतरवायची घाई नको, वजन जागेवर राहिलं तरी पुरतं. वर्षभरात सहा सेंटीमीटर उंची वाढली, वजन 47 च राहिलं, तर बीएमआय 24 वरून 22 होतो. म्हणजे तुमच्या यजमानांचं 'उंची फुटली की बारीक होईल' अर्धं खरं आहे. उंची फुटेल, पण तोवर वजन थांबवायला लागतं. आपोआप होत नाही. लठ्ठ मुलांतली बरीचशी मोठेपणी लठ्ठच राहतात.

महिन्यातून एकदा वजन. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

---

तालमीतला_तात्या | 6 जुलै, रात्री 8:05

रिक्षा बंद केली. नातवाला मी चालत सोडतो. गाड्यांच्या बाजूला मी, भिंतीच्या बाजूला तो. पहिल्या आठवड्यात दोनदा बसला कट्ट्यावर. तिसऱ्या दिवशी मी बसलो.

---

अनगोळची_सून | 24 ऑगस्ट, रात्री 11:10

धागा वर काढते. वजन 47.2, उंची 141, कंबर 76. मान तशीच आहे. घासणं बंद झालंय. सासूबाई आता खोबरेल लावतात तिथं, हळू हाताने, त्याचा काही उपयोग नाही हे त्यांना सांगितलेलं नाही.

सगळं सुरळीत आहे असं समजू नका. मधे पाहुणे आले, कुंद्याचा किलोचा बॉक्स घेऊन. नाही म्हणता आलं नाही. क्लासच्या बाहेरची गोबी पूर्ण सुटलेली नाही, आठवड्यातून एकदावर आलीय, ती पण आम्ही चौघं मिळून एक प्लेट. घोरणं थोडं कमी वाटतंय की मी झोपते लवकर, कळत नाही.

बुधवारी गणपती. डॉक्टर, मोदकाचं काय करायचं?

---

मलप्रभाकाठ | 24 ऑगस्ट, 11:25

खायचे. दोन, गरम, तूप घालून, सगळ्यांबरोबर बसून. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी आहेच.

---

खडेबाजारी_ढब्बू | 25 ऑगस्ट, सकाळी 9:00

ताई, एकच विचारायचं होतं. शाळेत त्याला गुण लिहायला बसवत नाहीत ना?

---

अनगोळची_सून | 25 ऑगस्ट, रात्री 9:40

जाऊन विचारून आले. शाळेत गुण लिहायला खेळच होत नाहीत हो, मैदानात बस लावतात. म्हणून संध्याकाळी गल्लीत लगोरी चालू केलीय पोरांनी. हा रचायला बसतो, पळायला नको म्हणतो. तेवढ्यात चेंडू येऊन पाठीत बसतो आणि हा बाद. महिनाभर असंच.

काल मी गॅलरीत कपडे काढत होते. चेंडू आला तर हा उठला आणि पळाला. चपला तिथंच, लगोरी अर्धी. नेम चुकला. शेजारच्या पोरानं खालून ओरडून सांगितलं, "काकू, दप्पा वाचला!"

त्या पोराला दप्पा म्हणू नको म्हणून सांगायचंय. उद्या सांगते.